ज्याचं नाही आहे, असा कोणी नाही

परत आल्यापासून साताऱ्यात भेटेल तो एकच विचारतो, "वाघ दिसला का?" नाही दिसला. चंद्रपूर-गडचिरोलीला जाऊन वाघ न पाहता परतणं म्हणजे तिरुपतीला जाऊन केस शाबूत घेऊन येणं, असं विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर उमटतं आणि मला अपराधी वाटतं. तसं मला अपराधी वाटायला फार कारण लागत नाही. एसटीत शेजारचा प्रवासी उठून दुसरीकडे बसला तर पुढचे दोन थांबे मी आपलं काय चुकलं याचा विचार करत असतो. या प्रवासात मात्र खरंखुरं कारण घडलं. माझ्या तोंडून गेलेल्या एका शब्दामुळे एका गावाचा रस्ता अडला. शब्द होता 'नाही'. तो मी अत्यंत काळजीपूर्वक, व्याकरण आणि तर्क दोन्ही तपासून उच्चारला होता. म्हणून सगळं क्रमानं लिहितो, म्हणजे दोष कुठे द्यायचा ते वाचणाऱ्यांना ठरवता येईल.

मी महाविद्यालयात गणित शिकवतो. त्यातला माझा कोपरा तर्कशास्त्राचा, आणि त्या कोपऱ्यातला कोनाडा म्हणजे 'निर्णेय उपपत्ती'. सोप्या भाषेत सांगायचं तर असं: एखाद्या विषयातलं कुठलंही विधान समोर ठेवलं, तर ते खरं की खोटं हे ठरवणारी, कुठेही न अडकता शेवटी थांबणारी एखादी पद्धत आहे का? असेल तर तो विषय निर्णेय. माझी बायको म्हणते, "जन्मभर हो-नाहीचा अभ्यास करणारा हा माणूस, चहा हवा का विचारलं तर 'बघू' म्हणतो."

वैशाली रामटेके ही माझी पूर्वीची विद्यार्थिनी, आता गडचिरोलीच्या एका महाविद्यालयात शिकवते. तिनं व्याख्यानाला बोलावलं. मी 'बघू' म्हणालो. तिनं त्याचा अर्थ 'हो' असा घेतला आणि तिकीट पाठवून दिलं.

सिंदेवाही

नागपूरहून बसनं नागभीडला उतरलो. तिथे वैशालीचे वडील मधुकरभाऊ मोटारसायकल घेऊन उभे होते. सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात त्यांची नोकरी झाली. निवृत्तीनंतरही रस्त्याकडेच्या प्रत्येक बांधीकडे ते नातेवाइकाकडे बघावं तसे बघतात. बांधी म्हणजे बांध घातलेलं भाताचं वाफ्यासारखं शेत. माघ सरत आलेला. बहुतेक बांध्यांत नुसती खुंटं उरली होती, मधूनच कुठे लाखोळीचं कडधान्य हिरवं. लांबवर झाडी सुरू होई, ती मग संपतच नसे.

घरावर पंचशील ध्वज, अंगणात पोपटाच्या शेंगा वाळत घातलेल्या. इथे वालाला पोपट म्हणतात. "सर, आज पोपट शिजवला आहे," असं वैशालीच्या आईंनी सांगितलं तेव्हा माझा चेहरा काय झाला असेल कोण जाणे, पण मला न्यायला घरी आलेली वैशाली आत जाऊन हसून आली.

आमच्याकडे भात शेवटी येतो, ताकाबरोबर, पोटात उरलेल्या जागेची विचारपूस करायला. इथे जेवण म्हणजेच भात. ताटात त्याचा डोंगर होता. पायथ्याशी लाखोळीचं वरण, वांग्याची भाजी आणि सुकलेल्या झिंग्यांची चटणी. मी अर्ध्या डोंगरावर थकलो. ताटात टाकणं पाप, खाणं अशक्य. घामाघूम होऊन संपवलं, आणि संपवलं म्हणून आवडलं असा अर्थ निघून दुसरा डोंगर आला.

जेवणानंतर जरा पाय मोकळे करून येतो म्हटलं, तर मधुकरभाऊंनी हात आडवा केला.

"एकटे नोका जाऊ, जी. वाघ आहे."

"तुम्हाला दिसला का?"

"दिसाले काऊन पायजे? आहे म्हनजे आहे."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, भाऊ, हे आमच्या शास्त्रात अगदी बसतं. वाघ आहे, हे सिद्ध करता येतं. वाट बघत बसायचं, दिसला की काम झालं. पण वाघ नाही, हे सिद्ध करायला कितीही बसलात तरी पुरत नाही. तो पुढच्या झुडपामागे असू शकतो. म्हणजे असेल तर उत्तर मिळतं, नसेल तर आपण बसूनच.

"मंग अशा वाघाले काय म्हनते तुमच्या शास्त्रात?"

"अर्धनिर्णेय."

"अर्धा?" मधुकरभाऊ म्हणाले. "त्यानं पलीकडच्या पाटलाचा आख्खा बैल खाल्ला, जी."

सकाळी निघताना माझी एक चप्पल गायब होती. घरच्या कुत्र्यानं ती लाखोळीत नेऊन पुरली असावी, असा सर्वानुमते निष्कर्ष निघाला. पुढचा सगळा प्रवास मी मधुकरभाऊंच्या प्लास्टिकच्या, दोन मापं मोठ्या चपलांवर केला. चालताना मी आलोय हे माझ्या आधी लोकांना कळत असे.

गडचिरोली

महाविद्यालयाच्या फाटकावर मोठा फलक लावला होता. 'निर्णय उपपत्ती व निर्णय करण्याच्या पद्धती. व्याख्याते साताऱ्याचे सर.'

"एक मात्रा खाल्ली रंगाऱ्यानं!" वैशाली फलकाखाली उभी राहून चिडली. "निर्णेयचं निर्णय केलं. सर, सॉरी."

मी म्हटलं, असू दे, कोण वाचतंय. पण वाचलं होतं. सभागृहात मुलांच्या मागे बरीच मोठी माणसं येऊन बसली होती. एका गृहस्थांना मुलीसाठी आलेल्या दोन स्थळांतलं कुठलं घ्यावं हे विचारायचं होतं, आणि व्याख्यान होईपर्यंत ते अत्यंत संयमानं थांबले. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मी फळ्यावर सुरुवात केली. अपूर्णांक घ्या, ओळीत लावलेले. 'या दोघांच्या मधे कोणीतरी आहे का?' या प्रश्नाला मधे डोकवावंच लागत नाही, कारण कुठल्याही दोन अपूर्णांकांच्या मधे तिसरा असतोच. पहिला दुसऱ्याहून लहान आहे का, एवढंच बघायचं. 'कोणीतरी' हा शब्द गेला, साधी तुलना उरली. किंवा पूर्ण संख्या घ्या, फक्त बेरजेसकट. 'ही रास दोन सारख्या वाट्यांत पाडेल असा कोणी आकडा आहे का?' यातलाही 'कोणी' काढता येतो. उरतं एवढंच, की रास सम आहे का. मग ते बोटांवर ठरतं. विषय निर्णेय आहे हे सिद्ध करण्याची ही सगळ्यात जुनी आणि प्रामाणिक रीत. विधानातला एकेक 'कोणीतरी' पकडायचा आणि बाहेर काढायचा. सगळे निघाले की जे उरतं ते शेंबडं पोरही तपासू शकतं. बेरजेत हे जमतं. त्यात गुणाकार मिसळला की कुठलीच पद्धत पुरत नाही, हेही सिद्ध झालेलं आहे. दुसऱ्याही रीती आहेत. फुटत जाणाऱ्या फांद्यांविषयीची विधानं तपासायला कागदावरचं एक छोटंसं यंत्र सोडतात. ते फांदीफांदीनं झाड चढतं आणि खाली येऊन हो की नाही ते सांगतं. झाडं हा आमच्या शास्त्रातला निर्णेय विषय आहे, असं मी म्हणालो तेव्हा मागे कुणीतरी हसलं.

"आणि 'प्रत्येक' या शब्दाचं काय?" मी विचारलं. "त्यालाही 'कोणीतरी'त बदलून घ्यायचं. 'प्रत्येकाचं हो आहे' असं म्हणायचं नाही. त्याऐवजी म्हणायचं, ज्याचं नाही आहे, असा कोणी नाही."

मागच्या बाकावरचे एक गृहस्थ ताडकन उभे राहिले. पांढरा सदरा, खांद्यावर पंचा, पन्नाशीच्या पुढचे.

"हे तं आमचंच आहे!" ते म्हणाले.

हे किसनभाऊ उसेंडी. धानोऱ्याच्या पलीकडच्या एका लहान गावाच्या ग्रामसभेचे अध्यक्ष. भाचीला वसतिगृहात सोडायला आले होते, फलक वाचून आत बसले. व्याख्यानानंतर चहा पिताना म्हणाले, "सर, तुमचं भाषन अर्धं समजलं. पूर्ण समजलं असतं तं तुमीच घाबरले असते." मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या गावात मतदान होत नाही. हात वर करून मोजत नाहीत. गोल बसायचं, एकेकाला विचारायचं, 'तुहं नाई आहे का?' एकाचंही नाई असलं तरी काम थांबतं. पुन्हा बसायचं.

"आणि कधीच एकमत झालं नाही तर?"

"होते न. भूक लागते."

उद्या बैठक होती. "या तुमी. तुमी फळ्यावर करता, आमी जमिनीवर करतो." मी बघू म्हणणार होतो, तेवढ्यात वैशालीनं माझ्या वतीनं हो सांगून टाकलं. स्थळांचा सल्ला मागणारे गृहस्थ अजून दारात होते. मी त्यांना, मुलीला विचारा, असं म्हणालो. "हे तं आमच्या घरचीबी म्हनते," असं म्हणून ते निराश होऊन गेले.

धानोऱ्याच्या पलीकडे

जीप डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागली. मोहाची पानं गळून फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस लागले होते. झाडांखालचा पाचोळा काही बायका झाडून काढत होत्या. मोह पडू लागला की वेचायला जमीन स्वच्छ लागते. जंगलातलं कुठलं झाड कुठल्या घरचं, हे इथे पिढ्यान्पिढ्या ठरलेलं असतं. कुंपण नाही, पाटी नाही, पण दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. आमच्याकडे कुंपण, पाटी आणि कुत्रा असूनही आंबे राहत नाहीत.

वाटेत किसनभाऊंनी बैठकीचा विषय सांगितला. या कच्च्या वाटेच्या जागी पक्का रस्ता मंजूर झालाय. पावसाळ्यात इथे चिखल असा होतो की दुखणाईताला खाटेवर घालून डांबरीपर्यंत न्यावं लागतं. रस्ता सगळ्यांना हवा. पण ज्या सरळ रेषेत तो आखलाय, तिच्यात गावाच्या तोंडाशी लखमीबाईचा मोह उभा आहे. मोठा, जुना, गावातला सगळ्यात जास्त फुलं देणारा. लखमीबाईचा नवरा गेला तेव्हा भावाभावांत वाटण्या झाल्या आणि तिच्या वाट्याला जी झाडं आली त्यातलं हे खरं धरण्यासारखं एकच.

"लखमीबाई काय म्हणतात?" वैशालीनं विचारलं.

"काईच नाई म्हनत. तेच तं. दोन बैठका झाल्या, चूप बसून राह्यली. चूप म्हनजे हो नसते आमच्यात."

"दुसरीकडून रस्ता नेता येत नाही का?" मी विचारलं.

"कुठून नेता, जी?" किसनभाऊ म्हणाले आणि बाहेर बघू लागले.

गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या त्या उघड्या मांडवात, माणसं आधीच गोल बसली होती. बायका एका बाजूला, पण त्याच गोलात. जोहार-नमस्कार झाले. आम्हाला पानाच्या द्रोणात जावा दिला. आमच्या आंबिलीसारखाच, पण अधिक आंबट. लखमीबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. साठीच्या, बारीक अंगाच्या, डोळे मात्र सारखे कुणाची तरी टिंगल करत असल्यासारखे. त्या दिवशी ते खाली होते.

बोलणं गोंडीत झालं. वैशाली मला जमेल तसं कानात सांगत होती. तिलाही थोडीच येते. पोरांच्या शाळेचं झालं, दवाखान्याचं झालं. मागच्या पावसाळ्यात लखमीबाईंच्या सुनेलाच खाटेवर नेलं होतं, हेही कोणीतरी बोललं. लखमीबाईंची मान आणखी खाली गेली. शेवटी किसनभाऊ उठून गोलात एकेकापुढे जाऊ लागले. पाहुण्यांना कळावं म्हणून मराठीत विचारत होते.

"रस्ता सरळ, झाड काढाचं. तुहं नाई आहे का?"

"हो."

"तुहं नाई आहे का?"

"हो, जी."

मी सावध झालो. नाही आहे का, या प्रश्नाला हो, म्हणजे नाही आहे! एकामागून एक सगळे विरोध नोंदवत चाललेत आणि किसनभाऊ मान डोलावत पुढे जाताहेत, हे काय? मग लक्षात आलं. इथे हो म्हणजे 'मान्य' आणि नाई म्हणजे 'अमान्य', प्रश्नाची घडण कशीही असो. मजेशीर आहे, असं मनात म्हटलं. आता लखमीबाईंची पाळी येणार आणि त्या हो म्हणणार, हे त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं. त्यांच्या अलीकडे मी बसलो होतो. किसनभाऊ मला ओलांडून पुढे जातील असं मला वाटलं. पण ते माझ्यासमोर थांबले.

"पाव्हने, आज इथी बसले तं आजच्यापुरते गावचे. तुमचं नाई आहे का?"

आणि तीस वर्षांच्या सवयीनं माझा घात केला. मी त्यांची रीत एका क्षणापूर्वीच ओळखली होती. पण तोंडानं प्रश्न जसा विचारला तसाच सोडवला. माझा विरोध आहे का? नाही आहे. म्हणून स्पष्ट, ठणठणीत आवाजात, मी म्हणालो,

"नाही."

वैशालीनं कपाळाला हात लावला.

"काऊन?" किसनभाऊंनी विचारलं.

"म्हणजे, माझं नाही, नाही आहे."

"हो. थेच विचारून राह्यलो. काऊन आहे?"

"नाही हो, नाही आहे असं नाही. नाही, नाहीच आहे."

"तीनदा म्हनलं," मागून एक म्हातारा कौतुकानं म्हणाला. "पक्कं आहे याचं."

मी घाईघाईनं समजावू लागलो, नकाराचा नकार म्हणजे होकार. कोणीतरी ते गोंडीत सांगायचा प्रयत्न केला आणि मधेच सोडून दिला. बायकांच्या बाजूनं खुसखुस सुरू झाली. मी किसनभाऊंना म्हणालो, चूक झाली, मागे घेतो. त्यांनी मान हलवली. ज्याचं नाई त्यानंच काढायचं, हे बरोबर, पण त्याच बैठकीत नाही. एका रात्रीचा तरी विचार पाहिजे. नाहीतर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघून काढतात.

"पन पाव्हन्याचं कशाले धरता?" एक तरणा गडी चिडून म्हणाला. "उद्या थो जाइन आपल्या गावाले."

तेव्हा लखमीबाई पहिल्यांदा बोलल्या. मराठीत बोलल्या, मला ऐकू यावं म्हणून.

"गोटुलात बसवलं ना त्याले? जावा पाजला ना? मंग धरा त्याचं. बैठक उद्या."

आणि पदर झटकून उठल्या.

मोहाखाली

ऊन कलल्यावर त्यांनी आम्हाला बोलावून नेलं. "नाई म्हनलं तुमी, तं कशाले म्हनलं ते पाहून तं घ्या."

झाड खरंच मोठं होतं. दोघांच्या कवेत खोड मावलं नसतं. खालची जमीन आधीच झाडून सारवल्यासारखी केली होती. झाडून झालेलं पाहून मला कसंसंच झालं. तोडायचं ठरलेल्या झाडाखाली कोण झाडतं?

"बाई, खरं सांगतो, मी चुकून बोललो."

"मले का समजत नाई?" त्या हसल्या. "सगळ्या गावाले समजलं. थो किसनबी समजला. पन पडलं ना तोंडातून!"

"तुमचं नाही आहे, तर तुम्हीच का म्हणत नाही?" वैशालीनं विचारलं.

लखमीबाई खाली बसल्या. हातानं उगाच खडे वेचत म्हणाल्या, "कसं म्हनू, बाई? माह्या सुनेलेच खाटेवर नेलं. गावानं नेलं, चार मान्सं चिखलात घसरत. त्यायच्यापुढं म्हनू, का मले झाड पायजे, रस्ता नोको? माह्या तोंडातून नाई निघतच नाई. आज हो म्हनून टाकनार होती. तुमी मधात आले."

"आणि रस्ता दुसरीकडून?"

"आहे न." त्यांनी हनुवटीनं दाखवलं. झाडाच्या डावीकडे एक रुंद, सपाट बांधी पसरली होती. "बैलगाड्या तिथूनच जाते सुगी झाल्यावर. रस्ताबी जाइन. जरा वाकडा होइन."

"कुणाची आहे?"

लखमीबाईंचे ते डोळे आता वर आले आणि चमकले. "किसनची."

परत येताना माझ्या चपला त्या वाटेवर फटाफटा वाजत होत्या आणि प्रत्येक फटक्याला मी स्वतःला दोष देत होतो. माझं नाही तसंच ठेवलं तर मी, एका दिवसाचा पाहुणा, खाटेवर जाणाऱ्या माणसांचा रस्ता अडवणार. काढून घेतलं तर लखमीबाई सकाळी हो म्हणणार आणि मोह पडायच्या आत झाड पडणार. बांधीचं मी बोलून टाकावं, तर मला जावा पाजणाऱ्या यजमानाला त्याच्याच गोटुलात उघडं पाडायचं. वैशाली म्हणाली, "सर, तुमची ती रीत लावा ना. कोणीतरी, कोणीतरी काढत जायचं."

"अगं, ती अपूर्णांकांची आहे. अपूर्णांकांना बांध्या नसतात."

पण तिच्या बोलण्यातली एक गोष्ट डोक्यात राहिली. 'कोणीतरी' काढायचा म्हणजे तो पुसायचा नसतो. त्याच्या जागी नेमकं काय आहे ते बोलायचं असतं.

पुन्हा बैठक

सकाळी पुन्हा सगळे गोल बसले. कालच्यापेक्षा गर्दी जास्त होती. पाहुण्याचं नाई बघायला पलीकडच्या पाड्यावरूनही लोक आले होते. लखमीबाई त्याच खांबाला.

किसनभाऊंनी थेट मलाच विचारलं, आणि रात्रभर विचार करून त्यांनीही प्रश्न सुधारून आणला होता. "पाव्हने, कालचं तुमचं नाई, काढता का ठेवता? हो-नाई नोका सांगू. काढतो म्हना, नाई तं ठेवतो म्हना."

"नाई तं ठेवतो म्हना," मागून म्हातारा पुटपुटला, आणि लोक हसले.

मी उभा राहिलो. म्हणालो, "काढतो. ते नाही माझं नव्हतंच. पण काल ते पडलं तेव्हा इथल्या कुणालाच नवल वाटलं नाही, याचं मला नवल वाटलं. म्हणजे ते इथलंच कुणाचं तरी असणार, मी फक्त उचललं. मी ते आहे त्या जागी ठेवून जातो. ज्याचं असेल त्यानं घ्यावं. कुणाचं नसलं तर रस्ता सरळ."

बसलो. लखमीबाईंकडे बघायचं नाही, असं ठरवलं होतं, म्हणून चपलांकडे बघत बसलो. आपण एका म्हातारीला सगळ्या गावापुढे ढकलून दिलं, आता ती हो म्हणणार आणि हे पाप जन्मभर माझ्या बोडक्यावर, असं वाटू लागलं. कोणी खोकलं. बाहेर कोंबडी ओरडली. किसनभाऊ पुन्हा विचारायला पुढे सरकले, तेवढ्यात खांबाकडून आवाज आला.

"माहं आहे थे."

मी मान वर केली. लखमीबाई उभ्या होत्या. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं, पण आवाज कापत नव्हता.

"काऊन?" किसनभाऊंनी रीतीप्रमाणे विचारलं.

"रस्ता पायजे म्हनून. माह्याबी सुनेले पायजे. पन सरळच काऊन पायजे? बैलगाडी वाकडी जाते ना, तुह्या बांधीतून? तवा का गाडीले चक्कर येते?"

सबंध गोटूल हसलं. हसता हसता पुरुषांची तोंडं हळूहळू किसनभाऊंकडे वळली, जणू सगळ्यांना तीच बाजू अचानक हवेशीर वाटू लागली होती. चिडलेला तो तरणा गडीही हसत होता. किसनभाऊंनी पंच्यानं तोंड पुसलं. मग मान पुसली. मग पंचाच झटकून पुन्हा खांद्यावर टाकला.

"माही बांधी," ते म्हणाले, "थोडीशी जाइन."

"कोपराच जाइन," लखमीबाई म्हणाल्या. "मोहाचा कोपरा जात असता तं मी देल्ला असता. झाडाले कोपरा नसते, किसन."

मग गोलातला तो म्हातारा हातावर जोर देऊन उठला. आजवर प्रत्येकाला अध्यक्षांनी विचारलं होतं. अध्यक्षांना विचारायची वेळ बहुधा आली नसावी. तो किसनभाऊंच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि आमच्या सोयीसाठी मराठीतच म्हणाला,

"रस्ता वाकडा, बांधीतून. किसन, तुहं नाई आहे का?"

किसनभाऊंनी छपराकडे पाहिलं. बांधीच्या दिशेनं पाहिलं. माझ्याकडेही एकदा पाहिलं, आणि त्या नजरेत मला व्याख्यानाला बसल्याचा पश्चात्ताप स्पष्ट दिसला.

"हो," ते म्हणाले.

मी वैशालीकडे वळलो. "म्हणजे मान्य, की विरोध आहे?"

"सर," ती दात आवळून म्हणाली, "आता तुम्ही एक शब्द बोलू नका."

मी नाही बोललो. बाहेर पाहिलं, तर लखमीबाई केव्हाच उठून मोहाखाली जाऊन पोचल्या होत्या. त्यांच्या हातात खराटा होता, आणि झाडाखालच्या झाडलेल्या जमिनीवर रात्री गळलेली पानं त्या पुन्हा लोटत होत्या.